रिकाम्या चढाईचा हिशेब

१ मार्च २०२४ रोजी हैदराबादच्या गच्चीबावली स्टेडियममध्ये प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचा अंतिम सामना झाला. पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवले आणि पहिल्यांदाच करंडक उचलला. पुढे ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत बाराव्या हंगामाचा अंतिम सामना झाला. समोर दबंग दिल्ली होती. त्या दिवशीही पुण्याचे गुण झाले अठ्ठावीसच. दिल्लीचे झाले एकतीस. म्हणजे एकदा अठ्ठावीस गुणांना करंडक मिळाला आणि एकदा त्याच अठ्ठावीस गुणांना उपविजेतेपद. फरक दोन्ही वेळा तिनाचाच.

ज्याचे आयुष्य बँकेच्या खतावण्या तपासण्यात गेले, त्याला दोन वेगळ्या वर्षांत एकच बेरीज दिसली की चैन पडत नाही. बेरीज सारखी असली तरी तिच्या आतल्या नोंदी सारख्या नसतात, हे तो जाणून असतो. निवृत्तीनंतर वेळ भरपूर आणि आता सामन्यांचे चित्रीकरण घरबसल्या पुन्हा पुन्हा बघता येते. तेव्हा एक दोनशे पानी वही घेतली, रेघा मारून रकाने पाडले आणि पुणेरी पलटणच्या चढाया बघायला बसलो. अमेरिकेत तिकडच्या फुटबॉलचे संघ सामन्याची फिल्म लावून, थांबवून, मागे नेऊन आपल्या आणि समोरच्याच्या डावपेचांचा अभ्यास करतात, असे आपण ऐकतो. आपल्या कबड्डीतही आता व्यावसायिक संघांकडे हे काम करणारी माणसे असतात. चाकूरसारख्या गावातल्या निवृत्त माणसाने तेच काम वहीपेन्सिल घेऊन करायला कुणाची हरकत असायचे कारण नाही.

ज्यांचा कबड्डीशी संबंध शाळेच्या पटांगणावर सुटला, त्यांच्यासाठी थोडी उजळणी करतो. मैदान तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सात-सात खेळाडू. चढाई करणाऱ्याने तीस सेकंदांत समोरच्या अंगणात जाऊन, कुणाला शिवून, परत यायचे. जाताना निदान रेषा ओलांडली पाहिजे. ती मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर असते. तिच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात गडी असताना ती नीट ओलांडली तर कुणाला न शिवताही एक गुण मिळतो. समोरचा सगळा संघ बाद झाला की लोण, आणि लोणाचे दोन गुण जादा. एवढे लक्षात असले की पुढचे समजते.

पहिल्यांदा सामना बघताना आपण फक्त चढाई करणाऱ्याकडे बघतो. ते स्वाभाविक आहे. कॅमेराही त्याच्याच मागे असतो. निकाल ठाऊक झाल्यावर दुसऱ्यांदा बघताना मी एक नियम केला: चढाई करणाऱ्याकडे बघायचे नाही. त्याचे बाकीचे सहा साथीदार काय करतात ते बघायचे. आणि ‘गुण’ या रकान्याच्या आधी चार रकाने भरायचे. चढाईला कोण गेला, किती सेकंद राहिला, त्या वेळी समोर किती गडी होते आणि आपले कोण कोण बाहेर बसले होते.

दोन-तीन सामन्यांतच वहीने एक गोष्ट दाखवली. गुणाच्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा काय लिहावे लागत होते, तर शून्य. चढाईवीर जातो, निदान रेषा ओलांडतो, कोपऱ्याकडे हूल देतो, पाय लांबवतो, मागे घेतो आणि हात हलवत परत येतो. प्रेक्षक तेवढ्यात पाण्याची बाटली उघडतात. दूरदर्शनचा निवेदकही पुढच्या नावाकडे वळतो. हीच ती रिकामी चढाई.

पण रिकामी चढाई रिकामी नसते. एका सामन्यात प्रत्येक संघाच्या वाट्याला साधारण चाळीस चढाया येतात. त्यातल्या पुष्कळशा अशा कोऱ्याच जातात आणि त्या जाण्यामागे हिशेब असतो. आघाडीवर असलेला संघ त्या तीस सेकंदांत घड्याळ खातो. पिछाडीवरचा संघ समोरच्याची रांग चाचपून बघतो: डावा कोपरा घोटा धरायला घाईने पुढे येतो का, उजवा मध्यरक्षक आपल्या जोडीदाराचा हात कधी सोडतो, साखळी कुठे सैल आहे. दोन चढाया लागोपाठ कोऱ्या गेल्या की तिसरी ‘करा किंवा मरा’ ठरते. तिच्यात गुण नाही मिळाला तर जाणारा बाद आणि समोरच्याला गुण. त्यामुळे पहिल्या दोघांनी जे चाचपून ठेवले, त्यावर तिसऱ्याने जायचे असते. बँकेतला माणूस याला सोप्या भाषेत सांगेल: पहिले दोघे चौकशी करून आले, तिसऱ्याने कर्ज मंजूर करायचे. चौकशी करणाऱ्याच्या नावावर व्यवहार दिसत नाही. पण ती न करता मंजुरी दिली तर थकबाकी कुणाच्या माथी बसते हे आम्हाला चांगले माहीत आहे.

आता पुणेरी पलटणच्या त्या दहाव्या हंगामाकडे येऊ. साखळीत बावीस सामने, सतरा विजय, तीन बरोबरीत, पराभव फक्त दोन. एवढी मजल मारणाऱ्या संघात हंगामाचा सर्वोत्तम चढाईवीर असेल असे कुणालाही वाटेल. तसा तो नव्हता. त्या हंगामात चढाईचे सर्वाधिक गुण होते दबंग दिल्लीच्या आशू मलिकचे, २७६. जयपूरचा अर्जुन देशवाल त्याच्या बरोबरीला होता. दोघेही अव्वल खेळाडू. पण दोघांचेही संघ अंतिम सामन्यात नव्हते. चढाईवीरांच्या यादीतल्या पहिल्या पाच नावांत पुण्याचे एकही नाव नव्हते.

मग पुण्याची चढाई होती कुणाची? माझ्या वहीतला ‘कोण गेला’ हा रकाना याचे उत्तर देतो. अहिल्यानगर जिल्ह्यातला, म्हणजे तेव्हाच्या नगर जिल्ह्यातला, अस्लम इनामदार हा कर्णधार, हरियाणाचा मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे. नावे आळीपाळीने येत राहतात. एखाद्या दिवशी एकाचे पान भरलेले, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचे. अंतिम सामन्याचेच बघा. मध्यंतराच्या थोडे आधी पंकज मोहितेने एका चढाईत चार गुण आणले आणि पुणे १३-१० असे पुढे गेले. विश्रांतीनंतर लगेच हरियाणावर लोण बसला. मोहितेचे सामन्यात नऊ गुण, गोयतचे पाच; मिळून चौदा, म्हणजे अठ्ठावीसचे बरोबर निम्मे. उरलेले निम्मे बाकीच्यांच्या पकडी आणि छोट्या छोट्या नोंदी मिळून जमलेले. हंगामाचा सर्वात मोलाचा खेळाडू म्हणून गौरवला गेलेला इनामदार या दिवशी पहिल्या दोन नावांत नाही, आणि त्यामुळे संघाचे काही अडलेही नाही.

याच्या उलट पान तेलुगू टायटन्सचे. त्या हंगामाच्या लिलावात पवन सेहरावतला त्यांनी दोन कोटी साठ लाखांवर रक्कम मोजून घेतले. पवनने दोनशेच्या वर चढाई गुण मिळवलेही. त्याच्या बाजूने काहीच कमी पडले नाही. तरीही संघ बावीस सामन्यांत फक्त दोन जिंकून तळाला राहिला. ज्या शाखेच्या निम्म्या ठेवी एकाच खातेदाराच्या असतात, तिथला व्यवस्थापक रात्री नीट झोपत नाही. खातेदार कितीही सज्जन असला तरी.

पुण्याने मात्र त्या लिलावात मोठी रक्कम चढाईवर खर्चलीच नाही. दोन कोटी पस्तीस लाख रुपये त्यांनी मोजले ते इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईसाठी, म्हणजे पकडी करणाऱ्यासाठी. हंगामात त्याचे पकडीचे गुण झाले ९९. चढाईबद्दलच्या लेखात हा पकडवाला कुठून आला, असे वाचक विचारतील. पण माझ्या वहीचा चौथा रकाना, ‘आपले कोण बाहेर बसले होते’ हा, मला त्याच्याकडेच घेऊन गेला.

आपण आज जी कबड्डी खेळतो तिचे जुने नाव संजीवनी. पूर्वी गावोगावी तीन प्रकार चालत. अमर प्रकारात बाद झालेला गडी बाहेर जातच नसे. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे. संजीवनीत मात्र आपल्या संघाने समोरचा एक बाद केला की आपला एक गडी परत येतो. ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने. महाराष्ट्रातल्या जुन्या लोकांनी आपल्या हुतूतूला नियमांत बसवले आणि पुढे शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्यांनी तो खेळ देशभर नेला, तो याच संजीवनी पद्धतीचा. तो पुढे १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत गेला. या एका नियमातच सांघिक चढाईचे सगळे मर्म आहे. शादलूईने कोपऱ्यात एकाला धरले की पुण्याला नुसता गुण मिळत नाही. बाहेर बसलेला इनामदार किंवा गोयत उठून आत येतो. पुढची चढाई त्या पकडीतून जन्माला येते. पकड करणारा आपल्याच चढाईवीराला जिवंत करतो. म्हणून ज्या संघाची पकड सैल, त्याचा चढाईवीर कितीही भारी असो, तो अर्धा सामना बाकावर बसून बघतो.

आणखी एक गोष्ट फिल्म थांबवून बघितल्याशिवाय ध्यानात येत नाही. चढाई संपली की समोरच्या संघाने पाच सेकंदांत आपला माणूस पाठवायचा असतो. म्हणजे आत्ताच तीस सेकंद दम घेत चार जणांतून निसटून आलेला गडी, छाती भात्यासारखी हलत असताना, पाचच सेकंदांत रांगेत उभा राहून पकडीला तयार व्हायचा. जिथे सगळ्या चढाया एकालाच कराव्या लागतात, तिथे उत्तरार्धात त्या एकाच्या बाजूने रांग हमखास उघडी पडते. चित्र थांबवले की त्याचे गुडघ्यांवर टेकलेले हात दिसतात. पुण्याच्या त्या हंगामात हे चित्र मला फार थोड्या वेळा दिसले, कारण ओझे चौघांत वाटलेले होते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. एकट्याच्या चढाईवर करंडक मिळत नाही असे नाही. २०१७ मध्ये पाटणा पायरेट्सच्या प्रदीप नरवालने हंगामात ३६९ चढाई गुण मिळवले. समोरच्यांच्या हाताखालून वाकून निसटायची त्याची ‘डुबकी’ पोरासोरांच्या तोंडी झाली. हरियाणाविरुद्ध त्याने एकाच चढाईत आठ गुण घेतले होते. पाटण्याने गुजरातला ५५-३८ असे हरवून सलग तिसरे विजेतेपद मिळवले. हे सगळे खरे. पण पुढचे पान उलटले पाहिजे. २०१८ च्या हंगामात नरवाल त्याच संघात होता, त्याने दोनशेच्या वर गुणही घेतले. पण संघ बाद फेरीत पोहोचला नाही. एकट्याच्या जोरावर एखादे वर्ष सोन्याचे जाते. दरवर्षी त्याच विहिरीला तेवढेच पाणी लागेल, असे धरून पेरणी करता येत नाही.

आणि पुण्याचे तरी पुढे काय झाले? अकराव्या हंगामात शादलूई हरियाणाकडे गेला. इनामदार दुखापतीने मध्येच बाहेर पडला. पलटण बाद फेरीच्या आतच थांबली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुण्याच्याच बालेवाडीत हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असे हरवून करंडक नेला. वाटून घेतलेले ओझेसुद्धा दोन खांदे एकदम गेले तर पेलत नाही. ते पुन्हा उभे राहिले आणि २०२५ च्या अंतिम सामन्यापर्यंत गेले. तिथे आदित्य शिंदेने दहा गुण मिळवले. पोरगा जिवाच्या आकांताने खेळला. पण त्या दिवशीचे माझे पान २०२४ च्या पानासारखे दिसत नाही: एका नावापुढची रांग लांब, बाकीच्या नावांपुढची तोकडी. ते अठ्ठावीस आणि हे अठ्ठावीस यांतला फरक मला तरी तिथे दिसतो. तीन गुणांच्या पराभवाला दहा कारणे असतात. दिल्लीचा बचाव उत्तम होता हे त्यातले मोठे. तरी हेही एक आहेच.

चित्रीकरण सगळे सांगते असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधल्या हांगझोऊला आशियाई खेळांचा भारत-इराण अंतिम सामना होता. इनामदार आणि आकाश शिंदे दोघेही त्या भारतीय संघात होते. शेवटचा मिनिट-सव्वा मिनिट उरलेला, दोन्हीकडे अठ्ठावीस-अठ्ठावीस. पवन सेहरावत कुणाला न शिवता राखीव क्षेत्रात गेला आणि इराणचे गडी त्याच्या मागे तिथे शिरले. कोण बाद, किती बाद, जुना नियम की नवा, यावर वाद झाला आणि खेळ तासभर थांबला. चित्र उपलब्ध होते, पुन्हा पुन्हा बघितलेही गेले. कुणाचा पाय कुठे पडला याबद्दल वाद नव्हताच. त्या पायाचा अर्थ काय लावायचा, याबद्दल होता. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. चित्र पुरावा देते. निवाडा माणसांनाच करावा लागतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असे घरातल्या मंडळींनी मला विचारले. कारण सांगतो. आमच्या लातूर-नांदेड रस्त्यावरच्या गावांत सोयाबीन निघाले की सामन्यांचे फलक लागतात. मोकळ्या वावरात माती भुसभुशीत करून, पाणी शिंपडून, चुन्याच्या रेषा मारून मैदान होते. रात्री दिव्यांखाली पोरे खेळतात आणि अख्खे गाव भोवती बसते. अशा प्रत्येक संघात एक तरी असा पोरगा असतो की सगळ्या चढाया त्यालाच करायच्या असतात. त्याचे नाव फलकावर, त्याच्या नावाने शिट्ट्या. सोळा-सतरा वर्षांचा गडी एका रात्रीत तीन सामने खेळतो. तिसऱ्या सामन्यात गुडघा जातो. मग तो घरी आणि संघही घरी. शेतात वाकून काम करायचे तेच गुडघे असतात. शस्त्रक्रियेचा खर्च उचलायला लिलावात बोली लावणारे कुणी तिथे नसते. बाकीच्या सहा जणांना चढाई येत नव्हती असे नाही. त्यांना कुणी पाठवलेच नव्हते.

आणि या पोरांच्या हातातल्या मोबाइलवर काय येते? अर्ध्या मिनिटाचे तुकडे. हनुमान उडी, डुबकी, एका दमात चार बाद, वर संगीत. त्या तुकड्यांतून रिकाम्या चढाया कापून टाकलेल्या असतात. पकड करून आपला गडी जिवंत करणारा कोपऱ्यातला माणूस कापलेला असतो. चौकशी गाळून फक्त मंजुरीच दाखवली जाते. पोरगा तेवढेच बघून मैदानात उतरतो. पहिल्याच चढाईत चौघांत शिरतो, पकडला जातो आणि बाहेर बसून आपल्याला खेळ येत नाही असे समजतो. पोरीही आता हिरिरीने खेळतात. त्यांच्या हाती पडणारे तुकडेही हेच.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना माझी एक साधी विनंती आहे. सुटीच्या दिवशी मुलांबरोबर एखादा सामना पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा. चाळीस मिनिटांचा खेळ, मध्यंतर धरून तासभर. हातात वही द्या आणि चार रकाने पाडायला सांगा. आमच्या गल्लीतल्या आठवीतल्या एका मुलीने शाळेच्या संघासाठी अशी वही ठेवायला सुरुवात केली. तिसऱ्याच सामन्यानंतर तिने गुरुजींना विचारले, “सर, सत्तावीस चढायांत एकवीस वेळा एकच जण गेला. बाकीच्यांना विचारलं का तुम्ही?” गुरुजींनी वही हातात घेऊन दोनदा चाळली. पुढच्या सामन्यात त्यांनी आजवर कधीच न गेलेल्या एका बुटक्या पोराला चढाईला पाठवले. तो निदान रेषा ओलांडून, कुणाला न शिवता, वीस सेकंदांनी धडधाकट परत आला. भोवतीच्या गर्दीतून कुणीतरी हसले. त्या मुलीने मान खाली घालून त्याच्या नावापुढे शून्य लिहिले, शेजारी वीस लिहिले, आणि दुसऱ्या टोकाला बसलेल्या आपल्या मैत्रिणीला खूण करून दोघींनी टाळ्या वाजवल्या.